शुक्रवारचा दुसरा तास

"आता तासभर देशाचं काही वाईट होणार नाही," असं म्हणत अण्णांनी रेडिओ बंद केला आणि मोबाइलची वायर गाडीत खुपसली.

२०१८ च्या ऑक्टोबरातला शुक्रवार होता. सेंट लुइसहून आम्ही पंचावन्न नंबरच्या हमरस्त्यानं दक्षिणेकडे निघालो होतो. अण्णा म्हणजे माझे मावसभाऊ, पण वयानं चौदा वर्षांनी मोठे, त्यामुळे लहानपणापासून अहो-जाहो. अकरा ते बारा गाडीत उजव्या मतांचा रेडिओवक्ता रश लिम्बॉ बोलत होता. मध्यावधी निवडणुका तोंडावर आल्या होत्या. होंडुरासहून निघालेल्या स्थलांतरितांच्या तांड्याखेरीज त्या दिवसांत कुठल्याच रेडिओला दुसरा विषय नव्हता. तासभर ऐकल्यावर मला वाटायला लागलं, पुढच्या टेकाडापलीकडे अमेरिका संपलेली असणार. बाराच्या ठोक्याला अण्णांनी माणूस बदलला. आता डेनिस प्रेगर. रेडिओ त्याच जातीचा, मतंही तीच, फक्त आवाज खालच्या पट्टीतला, मास्तरी. पण त्याचा शुक्रवारचा दुसरा तास राजकारणाचा नसे. त्या तासाला 'हॅपिनेस अवर' म्हणत. सुखाचा तास.

"हा एवढा तास मला चालतो," वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या. "बाकीच्याला मी घरात बंदी घातलीय. गाडीत काय ते ऐका म्हणावं. घरात भांडण नको."

अण्णा १९८९ मध्ये अमेरिकेत आले. ऑफिस घरापासून पाऊण तासावर. म्हणजे रोज दीड तास एकट्यानं गाडीत. शिवाय कामासाठी गावोगावच्या कारखान्यांत जायचं, ते वेगळंच. पुण्याहून आणलेलं इंग्रजी तिथे कुणाच्या कानात शिरेना आणि तिथलं इंग्रजी अण्णांच्या. मग कुणीतरी सल्ला दिला, दिवसभर रेडिओ लाव. "मी अमेरिकन बोलायला लिम्बॉकडून शिकलो," असं अण्णा आजही पाहुण्यांना सांगतात आणि पाहुणे गडबडतात. मत मात्र आपण कधी त्याच्या बाजूला टाकलं नाही, असंही ते सांगतात. या वाक्याला वहिनींना नेमका खोकला येतो.

राजकारणावर तासन् तास बोलणाऱ्या या रेडिओला आपल्याकडे नाव नाही, कारण तो आपल्याकडे नाहीच. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं वाजवायचं. त्यामुळे आपल्या रेडिओवर गाणी, विनोद आणि गृहकर्जाच्या जाहिराती. तावातावानं बोलणारा आपला माणूस रात्री नऊला टीव्हीवर कोट घालून येतो आणि सोबत आठ जणांना खिडक्यांत बसवतो. अमेरिकेतला हा माणूस एकटा असतो. खोली, मायक्रोफोन, समोर लुकलुकणाऱ्या फोनच्या लाइनी. रोज तीन तास, आठवड्यातले पाच दिवस, वर्षानुवर्षं. एखाद्या नटाच्या किंवा पुढाऱ्याच्या वाट्याला लोकांच्या कानाशी एवढा वेळ कधी येत नाही.

लिम्बॉचा देशभरचा कार्यक्रम १ ऑगस्ट १९८८ रोजी सुरू झाला, ५६ केंद्रांवर. पुढे ही संख्या सहाशेच्या वर गेली आणि आठवड्याला दीड कोटीच्या आसपास माणसं ऐकतात असा धंद्यातल्या लोकांचा अंदाज होता. हे कसं घडलं याची एक लाडकी गोष्ट अमेरिकेत सांगितली जाते. १९४९ पासून तिथे 'फेअरनेस डॉक्ट्रिन' नावाचा दंडक होता. केंद्रानं वादग्रस्त सार्वजनिक विषय हाताळायचे आणि हाताळताना दुसरी बाजूही ऐकवायची. पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन गावच्या एका केंद्राचं प्रकरण यावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६९ मध्ये न्यायालयानं दंडक उचलून धरला. १९८७ मध्ये काँग्रेसनं त्याचा कायदा करायचा घाट घातला, रेगननी नकाराधिकार वापरला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात दळणवळण आयोगानं दंडकच मोडीत काढला. वर्षभरात लिम्बॉ आला. गोष्ट संपली.

गोष्ट ऐकायला गोळीबंद आहे आणि अर्धीच खरी आहे. सॅक्रामेंटोच्या केएफबीके केंद्रावर लिम्बॉ १९८४ पासून हेच करत होता आणि तेव्हा दंडक जिवंत होता. खरं कारण मला जास्त रुक्ष वाटतं आणि म्हणूनच पटतं. एफएमवर गाणी स्टिरिओत, स्वच्छ ऐकू येऊ लागली तशी सत्तरच्या दशकात सगळी गाणी तिकडे गेली. एएमची म्हणजे आपल्या मिडियम वेव्हची केंद्रं ओस पडली. खरखर, शिट्ट्या, पावसाळी हवेत कडकडाट. पण माणसाच्या नुसत्या आवाजाला तेवढं पुरतं. त्यात उपग्रहामुळे एक कार्यक्रम एकाच वेळी शेकडो गावांत पोचवणं स्वस्त झालं. फुकट लागणारे ८०० चे फोन नंबर आले, मागोमाग गाडीतले फोन. आणि सौदा असा: कार्यक्रम केंद्राला जवळपास फुकट, बदल्यात तासातली काही मिनिटं जाहिरातींसाठी कार्यक्रमवाल्याची. कर्जात बुडालेल्या गावच्या केंद्रमालकानं स्थानिक निवेदकाला नारळ दिला आणि उपग्रहाची तबकडी लावली. १९९६ च्या कायद्यानं एका कंपनीनं देशभरात किती केंद्रं बाळगावीत यावरची मर्यादा उठली आणि काही वर्षांतच एकट्या क्लिअर चॅनलकडे बाराशेहून अधिक केंद्रं जमली. ओसाड वाड्यात कुणीतरी राहायला येणारच होतं. हाच भाडेकरू का आला, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर अण्णांच्या गाडीत बसून थोडं कळतं. लिम्बॉचा तास ऐकताना मला सारखं कीर्तन आठवत होतं. सुरुवातीला लांबलचक निरूपण: सकाळच्या वर्तमानपत्रातला एखादा तुकडा घ्यायचा, कागद मायक्रोफोनसमोर मुद्दाम खुळखुळवायचा, टेबलावर थाप मारायची, मध्येच थांबायचं. त्या थांबण्यात त्याची सगळी कारागिरी होती. रेडिओवर तीन सेकंद शांतता म्हणजे अपघात. तो ती चार सेकंद धरायचा. मग दाखला, मग नक्कल, मग प्रतिपक्षाच्या पुढाऱ्याचं विडंबनगीत. पुढे आख्यान रंगलं की श्रोत्यांचे फोन. आणि फोनवरची माणसं म्हणजे अस्सल झीलकरी. आधी प्रत्येक जण त्याचं कौतुक करण्यात वेळ घालवायचा म्हणून 'मागच्याचंच माझंही' या अर्थानं नुसतं 'डिट्टो' म्हणायची चाल पडली. त्यातून 'डिट्टोहेड' हे नाव आलं. विरोधकांनी ते शिवीसारखं वापरलं, श्रोत्यांनी अभिमानानं मिरवलं. मराठीत री ओढणाऱ्याला एवढं मानाचं पान कधी मिळालं नाही.

फोन थेट त्याच्यापर्यंत जात नसे. आधी एक माणूस उचलतो, नाव, गाव आणि काय म्हणायचंय ते विचारतो, कंटाळवाण्यांना गाळतो. लिम्बॉकडे हे काम जवळपास तीस वर्षं जेम्स गोल्डन या कृष्णवर्णीय गृहस्थांनी केलं; श्रोते त्यांना 'बो स्नर्डली' या टोपणनावानं ओळखत. श्रोत्याला वाटतं हा चव्हाट्यावरचा संवाद आहे. प्रत्यक्षात चव्हाट्याच्या तोंडाशी राखणदार बसलेला असतो आणि शिवाय काही सेकंदांचा उशीर असतो, शिवी आलीच तर कापायला.

यात राजकीय वजनही होतं. १९९२ मध्ये थोरले बुश यांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला बोलावलं आणि त्याची बॅग स्वतः उचलून नेली. १९९४ मध्ये रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकलं तेव्हा नव्या खासदारांनी त्याला आपल्या तुकडीचं मानद सदस्य केलं. २००८ चा त्याचा करार आठ वर्षांचा, ४० कोटी डॉलरचा.

आम्ही चाललो होतो त्याच्याच गावी. केप जिरार्डो, मिसिसिपीच्या काठचं बेताचं शहर. पुरापासून बचावासाठी नदीकाठी बांधलेली उंच काँक्रीटची भिंत आहे आणि तिच्यावर मिसूरीच्या नामवंतांची चित्रं रंगवली आहेत. त्यांत तो आहे. गावातल्या संघीय न्यायालयाच्या इमारतीलाही लिम्बॉ हेच नाव आहे, पण ते त्याचं नव्हे, आजोबांचं. थोरले रश लिम्बॉ मोठे वकील होते, शंभरी ओलांडून जगले आणि पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं त्यांना भारतात पाठवलं होतं, नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशातल्या वकिलांना-न्यायाधीशांना अमेरिकी कायदेपद्धती समजावून सांगायला. आजोबा वकील, वडील वकील, घराण्यात न्यायाधीश. नातवाला मात्र शाळेपासून रेडिओ. वडिलांचा हिस्सा असलेल्या गावच्या केंद्रावर त्यानं टोपणनावानं गाणी लावली, कॉलेज सोडलं, मग पिट्सबर्गपासून कॅन्सस सिटीपर्यंत जागोजागी नोकऱ्या गमावल्या. एक वेळ अशी आली की रेडिओ सोडून बेसबॉल संघाच्या कचेरीत तिकिटं खपवायचं काम करत होता. वकिलांच्या घरातला हुकलेला मुलगा. तीन तास न्यायालय भरवायची हौस कुठून आली, ते त्या इमारतीसमोर उभं राहिल्यावर विचारावं लागत नाही.

भिंतीपाशी वहिनींनी फोटो काढायला नकार दिला. "त्या मुलीला काय काय बोलला होता हा," एवढंच म्हणाल्या. २०१२ मध्ये गर्भनिरोधकांच्या विम्याबद्दल काँग्रेसच्या डेमोक्रॅट सदस्यांसमोर बोलणाऱ्या सँड्रा फ्लूक या कायद्याच्या विद्यार्थिनीला लिम्बॉनं घाणेरड्या शब्दांत हिणवलं होतं. जाहिरातदार पळाले, त्यानं माफी मागितली. त्याच वर्षी मिसूरीच्या विधिमंडळात त्याचा अर्धपुतळा बसवला, तोही दारं बंद करून, आणि नंतर पुतळ्यावर कॅमेरा लावावा लागला. इतर नामवंतांच्या पुतळ्यांना कॅमेरा लागला नव्हता.

पण मला लिहायचंय ते दुसऱ्या तासाबद्दल.

प्रेगर ब्रुकलिनचा, जन्म १९४८, धार्मिक ज्यू घरातला. १९८२ मध्ये लॉस एंजेलिसच्या केएबीसीवर त्याला रविवारी रात्रीचा कार्यक्रम मिळाला: एक पाद्री, एक रब्बी, आणखी कुणी धर्मगुरू, आणि मध्ये हा. दहा वर्षं तो इतरांचे धर्म ऐकत होता. १९९९ पासून त्याचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला, सेलम या कंपनीमार्फत. सेलमची मूळ कमाई ख्रिस्ती प्रवचनकारांना रेडिओवरचा वेळ विकण्याची. त्या ख्रिस्ती पायावर उभारलेल्या माडीवर हा ज्यू राहायला आला. त्याचं आठवड्याचं वेळापत्रकच ठरलेलं: मंगळवारी एक तास जीवनमरणाच्या मोठ्या प्रश्नांचा, बुधवारी एक तास स्त्रीपुरुषांचा, शुक्रवारी सुखाचा. १९९८ मध्ये त्यानं सुखावर पुस्तकही लिहिलं. त्या पुस्तकाच्या नावाचा मराठी अर्थ 'सुख ही गंभीर समस्या आहे' असा होईल.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. सुखी असणं, निदान सुखी वागणं, हे तुमचं नैतिक कर्तव्य आहे. तुमचा वाईट मूड म्हणजे तोंडाची दुर्गंधी. सकाळी दात घासता तसा तो घासून मगच माणसांत या. बायकोनं, मुलांनी, सहकाऱ्यांनी तुमच्या खिन्नतेचा वास का सोसावा? वाटण्याची वाट पाहू नका, वागा. वाटणं मागून येईल. आणि सुखाचं मूळ कृतज्ञतेत आहे. एक उदाहरण तो नेहमी देतो. छताला शेकडो फरशा बसवल्यात आणि एक निखळलीय. वर बघितलं की नजर कुठे जाते? निखळलेल्या फरशीकडे. टकल्या माणसाला सगळीकडे केसच दिसतात. आयुष्याच्या छताची एखादी फरशी कायम निखळलेलीच असते, तर नजरेला वळण लावा.

हे ऐकून मराठी माणसाला नवल वाटत नाही. आपल्या आज्या याहून कमी शब्दांत हेच सांगत आल्या. पण त्या तासाला येणारे फोन ऐकण्यासारखे असत. ट्रक चालवणारा, दुकान आवरता आवरता बोलणारा, नवरा गेलेली बाई. बायको सतत धुसफुसते, काय करू? मुलगा बोलत नाही, माझं चुकलं का? आवाज खाली यायचा, वाक्यं अडखळायची. डावा-उजवा कुणी विचारत नसे. अमेरिकेतल्या त्या सपाट, लांबलचक दुपारीत असंख्य माणसं एकेकटी गाडीत बसलेली असतात, हे त्या तासात पहिल्यांदा जाणवलं. या रेडिओवर अशी सोय पूर्वीपासून आहे. नव्वदीच्या दशकात डॉ. लॉरा श्लेसिंजर श्रोत्यांना फोनवरच फैलावर घेत आणि लोक आणखी फोन करत. नॅशव्हिलचे डेव्ह रॅम्झी कर्ज फेडायची शिस्त शिकवतात आणि शेवटचा हप्ता फेडलेली कुटुंबं त्यांच्या कार्यक्रमात येऊन मोठ्यानं आरोळी ठोकतात. मतदानापेक्षा संसार हाच या रेडिओचा मोठा मतदारसंघ आहे, असं मला वाटतं. आधी तुमचा संसार ऐकून घेतला की मग तुम्ही त्याचं राजकारण ऐकून घेता.

आता यातली गाठ. सुखाच्या तासात नियम एक: तक्रार करू नका, दोष स्वतःकडे घ्या, निखळलेल्या फरशीकडे बघू नका. बाकीच्या सगळ्या तासांत नियम बरोबर उलटा: देशाच्या छताची प्रत्येक निखळलेली फरशी दाखवा, आणि ती कुणी उचकटली त्याचं नाव सांगा. विद्यापीठं, वर्तमानपत्रं, हॉलीवूड, डावे. २००६ मध्ये काँग्रेसवर निवडून आलेले पहिले मुस्लिम सदस्य कीथ एलिसन कुराणावर हात ठेवून शपथ घेणार म्हटल्यावर, त्यांना ते करू देऊ नये असं लिहिणारा प्रेगरच होता. एलिसन यांनी जेफरसनच्या संग्रहातली कुराणाची प्रत मागवली आणि तिच्यावर हात ठेवला. रविवारी रात्री सगळ्या धर्मांचं ऐकून घेणारा माणूस आणि हा माणूस एकच. त्यानं २००९ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेगरयू'लाही हीच दोन तोंडं आहेत. नावात विद्यापीठाचा 'यू', प्रत्यक्षात पाच-पाच मिनिटांच्या चित्रफिती. काही जगावं कसं ते सांगणाऱ्या, काही डाव्यांनी जग कसं बिघडवलं ते.

मी हे अण्णांना म्हटलं. घरात कुरकुर करायची नाही आणि देशाबद्दल रोज तीन तास कुरकुर, हे कसं जमतं?

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वहिनीच म्हणाल्या, "सांगा तिला, २००९ चं."

२००९ च्या मंदीत अण्णांची नोकरी गेली. वीस वर्षांची. वहिनींना त्यांनी अकरा दिवस सांगितलं नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, गावच्या वाचनालयाच्या पार्किंगमध्ये गाडी लावायचे आणि आत बसून रेडिओ ऐकायचे. लिम्बॉ सांगायचा की हे सगळं वॉशिंग्टनमुळे झालं, बरं वाटायचं. शुक्रवारी प्रेगर सांगायचा की आपला मूड घरच्यांवर लादू नका, तेही पटायचं. संध्याकाळी हसतमुखानं घरी. येताना एकदा फुलंसुद्धा आणली.

"अकरा दिवस हा माणूस इतका खुशीत होता की मला संशय आला," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं बाहेर काहीतरी भानगड आहे. मग बँकेचं पत्र आलं." थोडं थांबून, खिडकीबाहेर बघत, "मला रडका चालला असता."

मी वहीत दुसरं काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं.

सुखाचं नि राजकीय मतांचं नातं काय, यावर अमेरिकेत संशोधकांची जुनी खडाजंगी आहे. प्यू संस्थेच्या २००६ च्या पाहणीत ४५ टक्के रिपब्लिकनांनी आपण 'खूप सुखी' आहोत असं सांगितलं. डेमोक्रॅटांपैकी ३० टक्क्यांनी. रेडिओवर हा आकडा पुढे वर्षानुवर्षं झेंड्यासारखा फडकला. आर्थर ब्रुक्स यांनी त्याचं श्रेय श्रद्धा, लग्न आणि कुटुंब यांना दिलं. २००८ मध्ये जेमी नेपियर आणि जॉन जॉस्ट या मानसशास्त्रज्ञांनी वेगळाच धागा ओढला: विषमता आहे ती रास्तच आहे असं मानता आलं की मनाला कमी टोचतं. मग २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. त्या मंडळींनी माणसांना विचारणंच सोडून दिलं. काँग्रेस सदस्यांच्या भाषणांतले शब्द मोजले, छायाचित्रांतलं हसू तपासलं: नुसते ओठ ताणलेत की डोळ्यांभोवतीचे स्नायूही हसताहेत. निष्कर्ष असा की आपण सुखी आहोत असं परंपरावादी जास्त सांगतात, पण सुख चेहऱ्यावर नि भाषेत जास्त दिसतं ते उदारमतवाद्यांच्या. या निबंधाच्या लेखकांपैकी एकाचं आडनाव डिट्टो आहे. मी बनवून सांगत नाही.

यातलं कुठलं संशोधन खरं ते ठरवायची माझी पात्रता नाही. पण 'सांगणं' आणि 'दिसणं' यांतली फट मला ओळखीची वाटली. ती वाचनालयाच्या पार्किंगच्या गोष्टीत मी ऐकली होती. आणि एक गोष्ट प्रेगरच्या बाजूनंही म्हटली पाहिजे: अकरा दिवसांनंतरचं सहा महिन्यांचं बेकारपण ज्या घरात निभावलं त्या घरात चिडचीड झाली नाही. वहिनीच सांगतात. शेजारच्या दोन घरांत संसार मोडले. राग गाडीत ठेवून आलेला माणूस घरात निदान आदळआपट करत नव्हता. राग गेला कुठे, एवढाच प्रश्न. तो गेला देशाच्या खात्यावर. आणि असे लाखो राग रोज जमा होत राहिले की त्या खात्यातून कुणीतरी कधीतरी रक्कम काढणार.

ती कशी निघते हे विस्कॉन्सिनमधल्या चार्ली साइक्सनी पाहिलं. मिलवॉकीच्या केंद्रावर ते दोन दशकांहून अधिक काळ रोज बोलत होते, पक्के परंपरावादी. २०१६ मध्ये ट्रम्प यांना त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी ट्रम्प यांच्याशी प्रत्यक्ष फोनवर बोलतानाही लपवला नाही. श्रोते उलटले. वर्तमानपत्रात आलेलं खोडून दाखवावं, तर वर्तमानपत्रावर विश्वास ठेवायचा नाही हे श्रोत्यांना इतकी वर्षं शिकवलं होतं कुणी? साइक्सनी ही चूक पुढे स्वतः लिहून कबूल केली. डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी रेडिओ सोडला. आपल्याला वाटतं कीर्तनकार श्रोत्यांना नाचवतो. वीस वर्षं तेच श्रोते समोर बसले की निरूपण तेच ठरवतात. बुवांनी अभंग बदलला तर बुवा बदलतात.

लिम्बॉ त्या बाबतीत जास्त चतुर निघाला. वारा ओळखून त्यानं शीड फिरवलं. ३ फेब्रुवारी २०२० रोजी त्यानं आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचं श्रोत्यांना सांगितलं आणि दुसऱ्याच रात्री काँग्रेसच्या सभागृहात, राष्ट्राध्यक्षांचं भाषण चालू असताना, त्याच्या गळ्यात देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान पडला. शेवटच्या महिन्यांत तो अधूनमधून आजाराविषयी बोलायचा. अण्णा सांगतात, तेव्हा आवाज वेगळा लागायचा. कृतज्ञतेबद्दल बोलायचा. कधी नव्हे ते त्याचे तास शुक्रवारच्या दुसऱ्या तासासारखे वाटायला लागले, आणि मग बातम्यांकडे वळला की पुन्हा पहिला लिम्बॉ. १७ फेब्रुवारी २०२१ ला दुपारी नेहमीचं सुरुवातीचं संगीत वाजलं आणि आवाज आला तो त्याच्या पत्नीचा. तो गेल्याचं तिनं त्याच्याच कार्यक्रमात सांगितलं. अण्णा त्या दिवशी घरून काम करत होते. महासाथीचे दिवस, गाडी महिनोन् महिने बाहेर निघत नव्हती. ते गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसले आणि तिथे ऐकलं. घरात बंदी होती ना.

मी पुन्हा सेंट लुइसला गेले ती २०२५ च्या मे महिन्यात. अण्णा निवृत्त झाले होते. प्रेगरचा तासही नव्हता. २०२४ च्या नोव्हेंबरात पडून त्याच्या मणक्याला जबर इजा झाली. वर्षानुवर्षं सुखी वागा म्हणून सांगणारा माणूस मानेखाली जवळपास निश्चल झाला, आणि अण्णा त्याच्या तब्येतीची बातमी अधूनमधून शोधून वाचत. "आता बघायचं, त्याचं त्याला जमतं का," असं ते एकदा म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता. शाळेतल्या मास्तरांबद्दल विचारावं तसं विचारत होते.

लिम्बॉला पुरलंय ते सेंट लुइसमध्येच, बेलफाँटेन दफनभूमीत. आम्ही तिघं एका दुपारी गेलो. जुनी, झाडीची, वळणावळणाच्या रस्त्यांची जागा. पश्चिमेची वाट शोधणाऱ्या मोहिमेतला विल्यम क्लार्क इथे आहे, बिअरचा राजा अडॉल्फस बुश इथे आहे. आणि विल्यम बरोज. अमली पदार्थ, समलिंगी प्रेम, अश्लीलतेचा खटला, अमेरिकेच्या सभ्य घरांना जे जे म्हणून खुपायचं ते सगळं लिहिलेला लेखक. तोही सेंट लुइसच्याच चांगल्या घरातला हुकलेला मुलगा. दोघं आता एकाच कुंपणात आहेत. मधली अंतरं चालत जाण्यासारखी.

अण्णांनी टोपी काढली नाही, फुलं आणली नव्हती. फक्त म्हणाले, "इंग्रजी चांगलं होतं हो त्याचं." वहिनी दुसऱ्या एका थडग्यावरची तारीख वाचत होत्या.

परत निघालो. गाडी नवी होती, विजेवरची. तिच्यात एएम नाही. विजेच्या मोटरीची खरखर एएममध्ये शिरते, म्हणून काही कंपन्यांनी ते काढूनच टाकलं. त्यावरून काँग्रेसमध्ये विधेयक आलं आणि एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन्ही पक्षांचे सदस्य त्याच्या बाजूनं उभे राहिले. शेतकऱ्यांना हवामान कळायला हवं, वादळाचा इशारा पोचायला हवा, असं दोघंही म्हणत होते. फोर्डनं आपला बेत मागे घेतला. अण्णांच्या गाडीच्या कंपनीनं नाही.

सिग्नलला गाडी थांबली. आतमध्ये काहीच आवाज नव्हता, इंजिनाचासुद्धा. अण्णांचं बोट पडद्यावर इकडून तिकडे फिरत होतं.

"लावा काहीतरी," वहिनी मागून म्हणाल्या. "भांडणाचं असलं तरी चालेल."